पाडव्याची हजेरी

बहिरूअण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तसं घरात त्यांच्या शब्दाला पेन्शनचं वजन आलं. पोरगा विसरेल, सरकार विसरत नाही, असं ते द्वारका चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर ऐकवत. आणि ज्यांची पोरं खरंच विसरली होती, ते म्हातारे मुकाट्यानं चहा ढवळत.

दोन हजार पाचच्या दिवाळीआधी त्यांच्या पोराला, ललितला, नेमणुकीचा कागद आला. दिंडोरीच्या कचेरीत कारकून. हजर व्हायला महिन्याची मुदत होती, पण पोरगा दुसऱ्याच दिवशी बूट घालून तयार. अण्णांनी त्याला दारातून मागं बोलावलं.

“वद्य पक्षात कुणी हजर होतं का रे? पाडव्याला हो. जन्माची भाकरी आहे, मुहूर्तावर तव्यावर टाकावी.”

ललितनं बूट काढले.

सरकारनं मात्र पंचांग पाहिलं नाही. एक नोव्हेंबरपासून नोकरीत येणाऱ्याला जुनी पेन्शन नाही, असं ठरलं. पगारातून कापायचं, सरकारनं भर घालायची, म्हातारपणी जे निघेल ते नशीब. कारण काय, तर म्हातारे फार जगायला लागले, तिजोरीला झेपत नाही. म्हणजे अण्णांच्या पिढीनं वेळेवर आटोपतं घेतलं नाही, आणि बिल पोरांच्या नावावर फाटलं.

पाडवा आला तो एक तारखेनंतर. ललितच्याच यादीतला अमित वद्य पक्षातच हजर झाला होता. त्याच्या घरी मुहूर्त सांगायला कुणी उरलं नव्हतं. त्याला जुनी पेन्शन लागू झाली.

ललित यावर कधी बोलला नाही. तेच अण्णांना सोसेना. पोरानं एकदा भांडावं, ताट सरकवावं, म्हणजे हिशेब मिटेल. पण तो “जेवलात का, अण्णा?” एवढंच विचारी.

दोन वर्षं अशीच गेली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सही करायला ललितनं त्यांना स्कूटरवरून बँकेत नेलं. ओळखीच्या कारकुनानं नेहमीसारखी फिरकी घेतली, “काय बाबा, अजून वीस वर्षं येणार ना?” दरसाल अण्णा म्हणत, “तू रिटायर होशील, मी येतच राहीन.” यंदा त्यांनी गुपचूप सही केली.

बाहेर येऊन त्यांनी महिनाभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

“ललित, माझ्या पेन्शनीतली निम्मी दरमहा तुझ्या नावावर टाकतो. तुझ्या म्हातारपणाला.”

“टाका. पण किती वर्षं, अण्णा?”

ललितच्या आवाजात राग नव्हता. अण्णांनी बोटांवर मोजून पाहिलं. ते अगदी नव्वदीपर्यंत टिकले, तरी ललितचं म्हातारपण त्यांच्यानंतरच सुरू होत होतं.

“तेव्हा मी नसणार,” ते म्हणाले. “तू कुणाला बोल लावशील? जे बोलायचं ते आता बोल ना, बाबा. मी ऐकतो.”

ललितनं स्कूटर स्टँडवरून काढली.

“तुम्ही वाईट चिंतून केलं होतं का? मग काय बोलायचं? बसा नीट.”

अण्णा मागं बसले. एरवी ते पोराच्या खांद्यावर हात ठेवत. आज त्यांनी मागच्या सीटची कडी धरली. द्वारका चौकाच्या गर्दीत ललितनं स्कूटर हळू केली आणि मागं न पाहता म्हणाला, “खांद्याला धरा, अण्णा. पडाल.”

अण्णांनी हात उचलला, आणि तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला.