दिवस मावळायच्या आत

आमच्या कुंडलच्या जैन घरात दिवस मावळल्यावर जेवण तर नाहीच, पाणीसुद्धा कुणी घेत नाही. सासूबाईंच्याही आधीपासून हे चालत आलंय. त्यामुळं संध्याकाळी सगळ्यांची धांदल असते. त्या दिवशी तर माझा मुलगा भरतेश रानातून उशिरा आला. सकाळी हळद घेऊन सांगलीच्या बाजारात जायचं होतं आणि पिकअपचा सायलेन्सर लोंबत होता.

सून चंदनानं ताट वाढलं. दोन नट आवळतो आणि येतो, म्हणाला. तिनं दारातूनच विचारलं, "मग गाडीलाच वाढू का?" तो हसला, जॅक लावून मागचं चाक काढलं आणि खाली शिरला.

मी पायरीवर बसले होते. ह्यांच्या वेळी आमच्याकडे जीप होती. पुढच्या चाकांना दगड आणि खाली बाभळीचे जाड ओंडके दिल्याशिवाय हे आत डोकं घालत नसत. उशीर झालाच तर तसेच उपाशी झोपत, कुरकुर नाही. भरतेशनं लहानपणी हे सगळं बघितलेलं. पण गोठ्यामागून ओंडके ओढून आणायचे तर तेवढ्यात ऊन गेलं असतं.

अंगणात दुपारीच पाणी मारलं होतं. जॅक मला कललेला दिसला. आधी वाटलं, माझेच डोळे. पुन्हा बघितलं तर त्याचं बूड एका बाजूनं ओल्या मातीत रुतत चाललेलं. गाडीखालून भरतेशचे नुसते पाय दिसत होते.

ओरडले असते तर तो दचकून गाडीला धडकला असता. चंदनाला मी हातानंच गप्प केलं आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "भरतेश, बाहेर ये."

"आलोच आई. एक नट राहिलाय."

"राहू दे. तू येईपर्यंत मी ताटावर बसायची न्हाई."

मला साखरेचा आजार. उपाशी राहिले की चक्कर येते, हे त्याला ठाऊक. म्हातारी लय हट्टी हाय, असं काहीतरी पुटपुटत त्यानं पाना ठेवला आणि सरपटत बाहेर आला. उभा राहून कपडे झटकत होता, तेवढ्यात जॅक निसटला.

आवाज फार मोठा झाला नाही. गाडी त्या बाजूला बसली आणि त्याची छाती होती तिथं सायलेन्सर मातीत घुसला.

भरतेश मटकन खाली बसला. तोवर दिवस गेला. चंदना पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि उंबऱ्यातच थबकून माझ्याकडे बघू लागली. त्यानंही एकदा आभाळाकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"पी," मी म्हणाले.

"आई, दिवस मावळला."

"मी सांगते न्हवं. पी."

त्याला तांब्या धरवेना. मी धरला. निम्मं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं, पण निम्मं तरी पोटात गेलं.