राखणीची बाटली

जगदीश सामंत यांनी दादरच्या शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर लालबागच्या हौशी नाट्यमंडळाला ग्रीक धर्तीची शोकांतिका लिहून दिली. त्यांचा सिद्धांत असा की, ग्रीकांचे नाटक ही करमणूक नव्हतीच; ती मद्याच्या देवाची, डायोनिससची पूजा होती, आणि आपल्या कोकणातली राखण, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला द्यायचा मान, ही तिची सख्खी बहीण. इथेही देवाला बाटली लागते. इथेही एकाने गाऱ्हाणे घालायचे आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. तेव्हा पडदा उघडण्यापूर्वी रंगमंचावर राखण द्यायचीच, आणि तीही खऱ्या दारूची.

सरबतावर भागवा, असे ललिताने सुचवून पाहिले. तिचा नवरा शंतनु राजाची भूमिका करत होता, आणि चौदा महिने त्याने थेंबाला स्पर्श केला नव्हता. जगदीशरावांनी तासभर वाद घालून तिला निरुत्तर केले आणि वर शब्दही दिला, की दारू जमिनीवर ओतायची, पिणार कोणीच नाही. ग्रीकांचा तर्पणविधी त्यांना मुखोद्गत होता. राखण मात्र त्यांनी लहानपणी आजोळच्या खिडकीतून, लांबूनच पाहिली होती.

प्रयोगाच्या संध्याकाळी परळच्या सभागृहात राखण द्यायला चाळीतले रामजी गावकर आले. गाऱ्हाणे झाले, चार थेंब फळ्यांवर सांडले, आणि उरलेली बाटली रामजींनी तीर्थ म्हणून फिरवली. शंतनुपाशी ती आली तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि जगदीशरावांकडे पाहिले.

“रामजीकाका, याला वगळा,” जगदीशराव म्हणाले.

“देवाक तुम्हीच बोलवलास, मास्तर,” रामजी शांतपणे म्हणाले. “आता तेचो मान मोडूचो कोणी, ता पण तुम्हीच सांगा.”

बारा नट ऐकत होते. प्रयोगाच्या तोंडावर देवाचा कोप ओढवून घ्यायला त्यांतला एकही तयार नव्हता. आयुष्यभर प्रत्येक आक्षेपाला तीन उत्तरे देणाऱ्या जगदीशरावांना एक ‘नाही’ म्हणता आले नाही.

“नुसती ओठांना लाव,” ते म्हणाले.

शंतनुने ओठांना लावली. मग डोळे मिटून घोट घेतला. रामजींनी बाटली डाव्या विंगेतल्या स्टुलावर ठेवली. तिसरी घंटा झाली.

उजव्या विंगेत ललिता जगदीशरावांजवळ येऊन उभी राहिली. “सर, ती बाटली तेवढी उचला.”

पण राजवाड्याची भिंत रंगमंचाच्या पाठीला भिडवूनच हवी, असा आग्रह त्यांनीच धरला होता. पलीकडे जायला मागून वाट उरली नव्हती, आणि तिकडचे रस्त्यावरचे दार आतून बंद होते. ग्रीकांत नाही म्हणून मध्यंतरही त्यांनीच काढून टाकले होते. पावणेदोन तास. राजाचे प्रत्येक जाणे डावीकडे, असे संहितेत त्यांच्याच रेखीव अक्षरात लिहिले होते.

शंतनु तीनदा डावीकडे गेला आणि तीनदा परत आला. बाटलीतली पातळी इथून स्पष्ट दिसत होती. त्याचा एकही शब्द चुकला नाही. उलट आवाजाला अशी धार चढली, की प्रेक्षागृह श्वास रोखून बसले. मधे जाऊन त्याला थांबवावे म्हणून जगदीशरावांनी एक पाऊल उचलले, आणि प्रकाशाच्या कडेशी ते तिथेच थबकले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. शंतनु नमस्कार करून डावीकडेच गेला, आणि तिकडचे रस्त्यावरचे दार वाजले.

ललिताने उजवीकडेच राहिलेल्या नवऱ्याच्या चपला उचलून पिशवीत घातल्या. “मागच्या खेपेला शिवडीपर्यंत अनवाणी गेला होता,” ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली.