मावशीचे काम आणि मी

मी एक जुने, एका कोपऱ्याला फुगलेले लिहायचे पॅड आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखोटीला मारता ना, त्याच जातीचे. मित्रांनो, माझी कहाणी लहानशीच आहे, पण तिच्यातले माणूस मोठे आहे.

लाकडाचा भुसा दाबून मला घडवले आणि डोक्यावर लोखंडी चिमटा ठोकला. मला घेतले ते एका मुलीसाठी. तिच्या तोंडाची टकळी कधी थांबत नसे, म्हणून घरात तिला टकळीच म्हणत. तिच्या तीन वर्षांच्या परीक्षा मी तिच्या मांडीवर बसून दिल्या. मग तिला नवे, रंगीत पॅड मिळाले आणि माझी रवानगी पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून झाली. कोपरा फुगला तो तिथेच.

त्या घरात टकळीची मावशी राहायची. अकरा वर्षे तिने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईची सेवा केली होती. आई गेली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मावशीचे हात एकदम रिकामे झाले. तिची थोरली बहीण, म्हणजे टकळीची आई, म्हणाली, "आजारी माणसं सांभाळण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही. दवाखान्यात तेच काम धर."

"बघते, ताई," एवढेच मावशी म्हणाली.

नंतर पाणी घ्यायला तिने मला उचलले, तेव्हा टकळी जवळच होती. मावशी हळूच म्हणाली, "पुन्हा तेच नको वाटतं गं. पण मला दुसरं येतं काय?"

"दुसरं काय काय असतं, ते तरी आपल्याला कुठं माहितीये? जाऊन विचारू या की!" टकळीने मला बाहीला पुसले आणि माझ्या चिमट्यात कोरे कागद अडकवले.

मग आम्ही तिघे हिंडलो. बेकरीत गेलो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, रोपवाटिकेत गेलो, टायपिंगच्या कचेरीत गेलो. टकळी विचारायची, "तुम्हाला आणखी माणसं लागतात का? शिकायला किती दिवस लागतात? आणि या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय?" शेवटच्या प्रश्नावर माणसे हसत आणि मग खरे बोलत. कचेरीतली बाई म्हणाली, "कंटाळा राहू दे, आमचं अर्धं काम आता यंत्रच करतं." रोपवाटिकेतल्या माळ्याला माणसे हवी होती, पण वर्षातून चारच महिने. मावशी एक पाऊल मागे उभी राहून सगळे ऐकायची. घरी येताना मात्र गप्प असायची.

शेवटी आम्ही कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात गेलो. जमीन प्लास्टरच्या धुळीने पांढरी झाली होती आणि भिंतीला ओळीने पाय टांगलेले होते. टकळीने आपला पहिला प्रश्न विचारला.

"माणसं लागतात का?" म्हातारे कारागीर चष्म्यावरून बघत म्हणाले. "पायासाठी लोक तीन-तीन महिने थांबलेत, पोरी! पण इथं टिकतं कोण? साचा घासत बसावं लागतं. नवीन आलेले आठवड्यात पळतात."

मावशीने पुढे होऊन विचारले, "मी घासून बघू?"

तिने पॉलिश पेपर घेतला आणि मला बाकावर ठेवले. तासभर ती मान वर न करता घासत होती. मग एका जागी बोट ठेवून म्हणाली, "इथं बोचेल हो."

कारागिरांनी बोट फिरवले. "काही नाहीये." मग त्यांनी डोळे मिटून पुन्हा फिरवले. "आहे खरं! तुम्हाला कसं कळलं?"

"आईच्या पाठीला चादरीची सुरकुतीसुद्धा बोचायची," मावशी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी वाटेत ती इतकी बोलली की टकळीला बोलायला जागाच उरली नाही.

पण तिने घाई केली नाही. या कामाचे दीड वर्षाचे शिक्षण कुठे मिळते, ते शोधले. तिथून शिकून गेलेल्या दोघींना भेटली. एक म्हणाली, "डोळे झाकून ये." दुसरी म्हणाली, "धूळ फार. नाकाला फडकं बांधल्याशिवाय बसू नकोस." दोन्ही उत्तरे टकळीने माझ्यावर लिहून घेतली.

"पाय करायचे? हे कसलं गं काम?" टकळीच्या आईने कपाळाला हात लावला.

"ताई, ज्याला पाय नाही त्याला विचार," मावशी म्हणाली.

वर्गात सगळ्यात मोठी तीच होती. ती शिकली, त्याच कारखान्यात लागली आणि मला सोबत घेऊन गेली. आता माझ्यावर मापांचे कागद असतात. तिने एकटीने केलेला पहिला पाय एका रंगाऱ्याचा होता. शिडीवरून पडून त्याचा पाय गेला होता. चालण्याच्या सरावासाठी लावलेल्या दोन दांड्यांना धरून तो चार पावले चालला, मग एक हात सोडला, मग दुसरा. दाराशी जाऊन तो वळला आणि म्हणाला, "ताई, मी जरा रस्त्यापर्यंत जाऊन येऊ?"

"सावकाश जा," मावशी म्हणाली, आणि खिडकीतून बघत राहिली.

मित्रांनो, कामाचे नुसते नाव ऐकून ते निवडू नका, की नाकारू नका. ते करणाऱ्याच्या शेजारी तासभर बसा, त्याला खोदून विचारा. आणि तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षे एकच काम निमूटपणे करत असेल, तर 'तुला हेच जमतं' असे त्याला म्हणू नका. त्याला आवडते काय, ते एकदा मायेने विचारा.

टकळी आता अकरावीत आहे. काल ती कारखान्यात आली, माझ्यावर कोरा कागद लावला आणि म्हणाली, "मावशी, आता माझ्यासाठी हिंडायचं. येशील ना?"

मावशी हात धुवायला उठलीसुद्धा.