आलो की आले

मुलुंडच्या घरात अपूर्वा सकाळपासून एकाच चौकटीवर अडकून बसली होती. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मराठीत आणायचं तिचं हे पहिलंच काम. गोष्ट रेन नावाच्या नटाची. तो काबुकी नाटकांत बायकांच्या भूमिका करायचा. तिथे ही कामं पुरुषच करतात. चित्रांतला रेन लांब पापण्यांचा, निमुळत्या हनुवटीचा. प्रयोग संपवून तो किमोनोतच रंगपटात येतो आणि गुरूला सांगतो, मी आलो. किंवा, मी आले. जपानी क्रियापदाला लिंगाची पंचाईत नाही. मराठीत तोंड उघडलं की कळतं.

अपूर्वाने ‘आले’ लिहिलं होतं. संपादक मानसीने फोन करून झापलं होतं, “अगं, पोरगा आहे ना तो? वाचणाऱ्यांची वाट लागेल यार. ‘आलो’ कर आणि संध्याकाळी फायनल पाठव.”

तिने ‘आलो’ केलं. खोडलं. पाणी भरून घेतलं आणि न पिताच ओट्यावर ठेवलं. शेवटी पायात चपला सरकवून तिने कांदिवली गाठली, दशरथकाकांकडे. गिरणीत लागण्याआधी काका गावाकडे दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. घरात हे सगळे हसत हसतच सांगायचे.

“काका, नाटक संपल्यावर, अंगावर साडी असताना, तुम्ही काय म्हणायचात? आलो की आले?”

काका मोठ्याने हसले. “आमच्या मालवणीत खंय गो ह्यां झंगट? ‘मी इलंय’ म्हटलां काय झालां. बापयो काय नि बायलमाणूस काय!”

“आणि मनात?”

काकांच्या हातातला कप थांबला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. “साडी लगेच सोडूशी वाटायची नाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “परत बापयासारखां चालूक येळ लागायचो.”

“मीच सोडायला लावलं,” आतून प्रेमाकाकू म्हणाल्या. हात पुसत त्या दारात आल्या. “लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं, पार्ट बंद. बायका मला हसायच्या गं.”

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. “बरां झालां सुटलां तां,” ते टीव्हीकडे बघतच बोलले. काकू दारातच उभ्या राहिल्या. चहा अर्धा टाकून अपूर्वा निघाली.

रस्त्यावर येताच तिने फोन लावला. “मानसी, ‘आले’च राहू दे.”

“तू पुन्हा सुरू झालीस?”

“तो अजून किमोनोत आहे. त्याला तो इतक्यात उतरवायचाच नाहीये. बदलणार असशील तर पुस्तकावरून माझं नाव काढ.”

मानसी दोन्ही वाक्यं पुटपुटून बघत होती, ते ऐकू येत होतं. “बरं. रंगपटात ‘आले’. पण नंतर तो आईकडे जातो ना, तिथे ‘आलो’. तिथे मी ऐकणार नाही.”

“चालेल,” अपूर्वा सुटकेने म्हणाली.

थोडं चालल्यावर तिने मोबाइलवर ते आईकडचं पान उघडलं. रेन उंबऱ्यात वाकलेला, आई शिवणावरून मान वर करत नाही. इथे तर त्याच्या ओठांवर काय आलं असेल? आपण केवढ्या झटक्यात ‘चालेल’ म्हटलं. ती तिथल्या तिथे मागे वळली, पुन्हा पुढे चालायला लागली, परत नंबर लावला. मानसीने उचलला नाही. तिने पुन्हा लावला.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्या पानावर ‘आलो’च होतं. एक प्रत काकांना द्यायला तिने बाजूला काढून ठेवली होती. कांदिवलीला जायचं मात्र ती पुढेपुढेच ढकलत राहिली.