अम्मापुढं म्हणून दाखव

आमच्या गावाला आपल्या कानांचा भारी माज आहे. अंधारात कोण खोकलं ते सांगतील, हॉर्नवरून कोणाची जीप कुठल्या वळणावर आहे तेही सांगतील. याच कानांनी माझ्या भावाला तुरुंगात घातलं. मी शहिस्ता. पवनानगरच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे. तोंडाची फटकळ म्हणून मला सगळे ओळखतात, तेव्हा मी हे गोड करून सांगेन अशी आशा ठेवू नका.

भावाचं नाव इर्शाद. कामशेत स्टेशनबाहेर शेअर जीपचा थांबा आहे, तिथे तो गाड्या भरायचा. म्हणजे दिवसभर उभं राहून "पवना, पवना, पवनानगर, चला, एकच सीट" असं ओरडायचं. आता हा ओरडण्याचा आवाज काही त्याचा एकट्याचा नाही. थांब्यावरची सगळी पोरं भिकाजी आबांच्या हाताखाली तयार झाली. आबा सांगायचे, पोटातून वरडलास तर दुपारपत्तुर घसा बसंल, गळा आवळ आन् नाकातनं सोड. त्यामुळे थांब्यावर कोणीही ओरडलं तरी तोच चिरका, नाकातला आवाज. घरी आला की इर्शाद मऊ बोलायचा. अम्मा म्हणायची, ह्यो पोरगा दुसऱ्याचा गळा घालून कामाला जातो.

धरणाच्या काठावर अमृतचा तंबूंचा कॅम्प आहे. त्याने पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला स्वतःच्या गाड्या सुरू केल्या, तेव्हा जीपवाल्यांच्या पोटावर पाय आला. इर्शादने भर थांब्यावर त्याच्याशी वाद घातला. घातला, मी नाही म्हणत नाही. नंतर काही दिवसांनी अमृतला कोणाचा तरी फोन आला, त्याच चिरक्या, नाकातल्या आवाजात. तंबू काढ, न्हाईतर पेटवून दीन, आणि पुढे आईवरची शिवी. अमृतच्या फोनमध्ये बोलणं आपोआप रेकॉर्ड होत होतं. त्याच आठवड्यात तंबू खरंच पेटले आणि राखणदार महिपती आबांचे दोन्ही पाय भाजले. सिम कुठल्या तरी मेलेल्या माणसाच्या नावावर होतं, म्हणजे हातात उरला नुसता आवाज.

अमृतने तो आवाज थांब्यावर आणून एका जीपच्या स्पीकरवर लावला. पहिला बोलला सुहास, अमृतचा चुलतभाऊ.

"ह्यो तर इर्शाद."

मग सगळेच म्हणाले, व्हय व्हय, इर्शादच. अरे, सुहासही त्याच थांब्यावर ओरडतो, त्याच भिकाजी आबांचा चेला, त्याच्याही नाकातून तोच आवाज येतो. आणखी चार पोरांच्या येतो. पण त्यांची नावं कोणाच्या जिभेवर आली नाहीत. आमचं नाव तयारच होतं. पिढ्यान् पिढ्या एका नळावर पाणी भरलं, त्यांच्या लग्नात आम्ही वाढलं, आमच्या ईदला ते जेवले, आणि वेळ आल्यावर आम्ही परके. मला त्या दिवशी जो संताप आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पोलिसांनी इर्शादला धरून नेलं. आमचे वकील सीतारामभाऊ म्हातारे, पण सरळ माणूस. ते म्हणाले, "घाबरू नका. माणसाचा आवाज यंत्रावर तपासतात. आवाज किती जाड, किती बारीक, घशाची आणि तोंडाची पोकळी कशी घुमते, श्वास कुठे तुटतो, सगळं त्यात दिसतं. कानाला दोन आवाज सारखे वाटले तरी यंत्राला वेगळे कळतात. फक्त रेकॉर्डिंगमधलं वाक्य त्याने थांब्यावरच्या त्याच्या नेहमीच्या आवाजात, जसंच्या तसं बोललं पाहिजे."

आम्हाला वाटलं, एवढंच ना? सुटला पोरगा.

पण माझी अम्मा, मेहमुदा. लहानपणी इर्शादच्या तोंडून एकदा शिवी निघाली तर तिने त्याच्या जिभेवर हिरवी मिरची ठेवली होती. नमुना द्यायला नेण्याआधी ती त्याला भेटली आणि बजावून सांगितलं, "सायबलोकांपुढं नीट बोल. आपली गावंढळ बोली नको. शाळेत बोलायचास तसं बोल." कुठली आई हेच सांगणार नाही?

लॅबमध्ये समोर बसली होती एक मॅडम, अम्माच्या वयाची. तिने कागद पुढे केला. इर्शाद छातीशी हात बांधून, मान खाली घालून, मराठीच्या तासाला धडा वाचावा तसा वाचू लागला. न्हाईतरचं नाहीतर झालं, दीनचं देईन झालं. शिवी आली तिथे तो गप्प. मॅडम म्हणाली, वाच, मला सवय आहे. तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि वर त्याने मॅडमची माफी मागितली. तिने पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा तेच. बाईमाणसापुढे आईवरची शिवी त्याच्या घशातून वर येईना.

रिपोर्ट आला. आवाज हेतुपुरस्सर बदललेला दिसतो, तुलना करता येत नाही.

झालं, गावाला आयतं कोलीत मिळालं. बघा, चोराच्या मनात चांदणं, आवाज बदलतो म्हणजे त्याचाच असणार. जामीन फेटाळला गेला. महिपती आबांची बायको शालूबाई माझ्या दुकानासमोर येऊन थुंकून गेली. तिच्या नवऱ्याचे पाय गेलेले, तिला मी काय बोलणार? ती एकटीच अशी होती जिच्यावर मला राग धरता आला नाही.

सीतारामभाऊंनी हातापाया पडून कोर्टाकडून दुसऱ्यांदा नमुना घ्यायची परवानगी मिळवली. वडगावच्या कोर्टात तारीख होती आणि तिथूनच इर्शादला लॅबमध्ये नेणार होते. ते अम्माला म्हणाले, "मावशी, ही शेवटची संधी. याही वेळी वाक्य जसंच्या तसं निघालं नाही, तर माझ्याकडे इलाज नाही."

कोर्टाच्या व्हरांड्यात इर्शादला बाकावर बसवलं होतं, एक हात हवालदाराच्या हातात. हवालदार भला होता, गाडी येईपर्यंत बोला म्हणाला. इर्शाद वाळून काटकी झाला होता. मी डबा उघडायला लागले तर अम्माने माझा हात बाजूला सारला. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"ते वाक्य म्हन."

"कंचं?"

"फोनमधलं. समदं. शिवीसकट."

"अम्मा, तुझ्यापुढं कसं म्हनू?"

"मग कुनापुढं म्हनशील? तितं ती बाई बसलीया, माझ्याच वयाची. माझ्यापुढं निघालं तर तिच्यापुढं निघंल. म्हन."

तो रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, माझ्या डोळ्यांदेखत लहान पोरासारखा रडला. अम्माने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि ते वाक्य स्वतः म्हणून दाखवलं. उभ्या जन्मात जिच्या तोंडून साधं 'मुडद्या' निघालं नव्हतं, तिने ती शिवी अख्खी उच्चारली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग इर्शादने म्हटलं. हळूच, तोंडातल्या तोंडात.

"असं न्हाई. ष्टँडवर वरडतोस तसं. माझ्याकडं बघून."

त्याने पुन्हा म्हटलं.

"अजून मोठ्यानं."

तिसऱ्यांदा व्हरांडा घुमला. चिरका, नाकातला, थांब्यावरचा आवाज, आणि समोर आई. लोक चालता चालता थांबले. इर्शादचं रडणं बंद झालं होतं, डोळे लाल, तो म्हणतोय आणि ती म्हणतेय, "परत." गाडी आली तेव्हा तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जा आता. असंच म्हन." अमृत आत कोर्टात होता, पायरीपाशी त्याच्याबरोबर आलेला सुहास उभा होता. त्याच्या हातात मोबाईल होता. मी बघितलं, पण तेव्हा कोणाला सुचणार?

त्या दिवशी इर्शाद लॅबमध्ये न अडखळता बोलला. रिपोर्ट आला. रेकॉर्डिंगमधला आवाज इर्शादचा नाही. मग कोणाचा, ते शोधायची घाई तेव्हापासून आजतागायत कोणालाही झालेली नाही.

इर्शाद सुटला. मी आणि अम्मा पेढे घेऊन त्याला आणायला गेलो, आणि तिथून आम्ही तिघं कामशेतला थांब्यावर आलो. मला वाटलं होतं, चार पोरं तरी मिठी मारतील, निदान खाली मान घालतील. कोणी जागचं हललं नाही. भिकाजी आबांनी पेढा घेतला नाही. शेवटी अमृतच पुढे आला. तो म्हणाला, "इर्शाद, फोनवर तू न्हवतास, ते कळलं. माझी चूक झाली. पन आईला असं बोलतोस व्हय रं?"

सुहासने काढलेला व्हिडिओ आम्ही सुटकेच्या कागदांमागे धावत होतो तेव्हाच सगळीकडे पोचला होता. लोहगडवाडीच्या टपऱ्यांवर, बेडश्याच्या पारावर, जीपच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या फोनवर. अम्माचं "म्हन" त्यातून कापलेलं. राहिलं एवढंच, की इर्शाद आपल्या म्हाताऱ्या आईच्या तोंडावर ओरडून तिला आईवरची शिवी देतोय आणि ती बिचारी पदराने त्याचं तोंड पुसतेय. आणि हा आवाज त्याचाच होता. इथे यंत्राची गरज नव्हती.

भिकाजी आबा म्हणाले, "गाडीत बायामानसं बसत्यात. आईला शिव्या घालनाऱ्यानं त्यांना हाक मारायची म्हंजी कसं दिसतं?" थांब्यावर इर्शादच्या जागी सुहास उभा राहिला.

अम्मा दुसऱ्या दिवशी एकटी थांब्यावर गेली. मी नको म्हणत होते. नाक घासून काय मिळणार त्या भल्या लोकांपुढे? पण ती गेली आणि एकेका ड्रायव्हरला सांगत फिरली, "म्या म्हनायला लावलं. सुटका व्हावी म्हनून लावलं. पोराची चूक न्हाई." सगळ्यांनी ऐकून घेतलं. मावशी, बसा म्हणाले, चहा पाजला. आमच्याच नळावर पाणी भरणारी मुक्ताबाई भाजी घेऊन घरी निघाली होती, तिने अम्माच्या पाठीवरून हात फिरवला.

"मेहमुदाबाई, आईचं काळीज हाय तुमचं, पाठीशी घालनारच. पन कंची आई पोराला असं म्हनायला लावंल? आमी काय दूधखुळं हाय का?"

अम्मा परत आली ती दुकानाच्या फळीवर बसून राहिली. तिची दया करणारे लोक येऊन बांगड्या घेऊन गेले, त्या दिवशी माझा धंदा बरा झाला. आग लागो असल्या धंद्याला.

इर्शाद आता एका पोल्ट्रीत कोंबड्यांना खाद्य टाकायला जातो. माझ्याशी बोलतो, सीतारामभाऊंशी बोलतो. अम्माशी एक शब्द बोलत नाही. मी त्याला खडसावलं, तिने तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू तोंड फिरवतोस? तर म्हणाला, "आपा, तिच्यापुढं तोंड उघडलं का तेच वाक्य जिभंवर येतं. दुसरं कायच येत न्हाई."

काल जेवताना अम्मा त्याच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली, "इर्शाद, शिवी दे बाबा. पन बोल."

त्याने भाकरी खाल्ली, ताट मोरीत नेऊन ठेवलं आणि कामावर गेला.