‘झालं’ म्हणायचं नाही

पाववाल्याच्या घरात ‘झालं’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. जेवण आटोपायचं, काम उरकायचं, लग्न पार पडायचं, पण ‘झालं’ मात्र काहीच नाही. कारण घराच्या मागे तबेला होता, तबेल्यात काकू होती आणि काकूचे कान भलते तिखट होते.

काकू म्हणजे त्याची घोडी. पावाची गाडी ओढत गल्लीतून जाताना ही बया प्रत्येक दारात मान घालून आत काय चाललंय ते बघून घ्यायची, म्हणून गल्लीनेच तिला काकू करून टाकलं. फेरी संपवून घरी आलं की पाववाला तिचा साज उतरवायचा, गळपट्टा खुंटीला अडकवायचा, पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, “झालं, काकू.” मग ती खुशाल गवतावर अंग टाकायची. त्याआधी नाही. अंगावर साज असताना तिने उभ्या जन्मात गुडघा टेकला नव्हता.

एकदा ऐन फेरीत कोणीतरी शिंप्याला विचारलं, “शिवून झालं का?” झालं! काकूने तिथल्या तिथे मान खाली घातली, गळपट्टा काढून घ्यायला. मग ओढा, ढकला, हातापाया पडा, पाऊल उचलेना. अर्धी गल्ली त्या दिवशी पावावाचून राहिली. तेव्हापासून त्या शब्दावर बंदी आली ती आलीच.

पुढे बेकरीने टेम्पो घेतला आणि काकू बसून खाऊ लागली. पाववाला मात्र साजाला नेमाने तेल लावत राहिला. त्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची. ती म्हणायची, “तेच तेल टाळूला लाव, चार केस तरी उगवतील.” तो पट्ट्यावर आणखी दोन थेंब तेल चोळायचा.

त्या दिवशी दुपारी हाक मारली तीही ताईनेच. “अरे, लवकर ये. काकू स्वतःच्या पोटाकडे बघतेय सारखी.”

तो धावला. काकू घामाने निथळत होती. मागच्या पायाने पोटावर लाथा मारत होती. पुढचे गुडघे वाकवून खाली बसायच्या बेतात होती. जनावरांच्या डॉक्टरला फोन लागला, पण तो लांबच्या एका गोठ्यावर अडकलेला. म्हणाला, “मी निघतोच. तोवर काहीही करा, पण तिला बसू देऊ नका. लोळली तर आतड्याला पीळ पडेल. चालवत ठेवा.”

चालवत ठेवा म्हणणं सोपं. पाववाल्याने दोर ओढला, ताईने मागून रेटलं, पण काकू खालीच जात होती. तेव्हा त्याचं लक्ष खुंटीकडे गेलं. तेलाने मऊ राहिलेला गळपट्टा त्याने काढला आणि तिच्या गळ्यात चढवला, पट्टे आवळले. बकल लागलं तशी काकू ताठ उभी राहिली. दुखत होतं, अंग कापत होतं, पण उभी राहिली.

“बघ,” तो ताईला म्हणाला. “उभी आहे.”

अंगण दोन गिरक्यांत संपायचं, म्हणून त्याने तिला गल्लीत काढलं. मागे गाडी नाही, पाव नाहीत, तरी काकू जुन्या फेरीला लागली. न्हाव्याच्या दारात थांबली. मान आत घातली. थांबली की तिचे गुडघे लटपटायचे. “चल गं, चल, इथले पाव दिले,” असं खोटंच सांगून तो तिला पुढे न्यायचा. शिंपी मशीन सोडून बाहेर आला. तिच्या कपाळावर हात ठेवून काही बोलायला गेला, पण पाववाल्याचा चेहरा पाहून बाजूला सरला. पाववाल्याला त्याचा रागच आला. माणसं निरोपाला उभी राहिल्यासारखी दारादारांत येत होती, आणि निरोप द्यायचं इथे काही कारण नव्हतं. घोडी चालत होती.

फेरी फिरून घरी येईतो डॉक्टर दारात पोचला होता. तिला तबेल्यात घेतलं. डॉक्टरने हिरड्या पाहिल्या. जांभळ्या पडल्या होत्या. छाती ऐकली. लांब हातमोजा चढवून आत हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिला. पाववाला त्याच्या तोंडाकडे बघत होता, पण त्या तोंडावर काही वाचता येईना.

डॉक्टरने हात बाहेर काढला, मोजा उतरवला आणि आपण रोज म्हणतो तसं सहज म्हणाला, “झालं.”

ताईने पदर तोंडाशी धरला. काकूने कान टवकारले. तिने पाववाल्याकडे मान वळवली, हळूहळू खाली घातली आणि तशीच धरून ठेवली, गळपट्टा काढून घ्यायला.

“डॉक्टर, हा शब्द इथे बोलायचा नसतो,” पाववाला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

“कोणता शब्द?”

ताईनेच हलक्या आवाजात त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर ओशाळला. मग म्हणाला, “मामा, आतड्याला आधीच पीळ पडलाय. या वयात ऑपरेशन झेपणार नाही. इंजेक्शन देऊन तिला सोडवू या. नाहीतर असंच तडफडत जाईल.”

“तडफडत कुठे? उभी आहे ती. चालत आली गल्लीभर, विचारा कोणालाही.”

“अरे,” ताई म्हणाली, “उभी आहे कारण तू साज काढला नाहीस.”

पाववाला काहीतरी तोडून बोलणार होता. पण काकूची मान अजून खालीच होती. पाय कापत होते, घाम टपटप गळत होता, तरी ती मान तशीच धरून त्याची वाट बघत होती. आपण तिला जगवत नाही, कामाला जुंपलंय, हे त्याला तेव्हा कळलं. फेरी कधीच संपली होती. तिला सुटी द्यायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाचं काम नव्हतं.

त्याने एकेक बकल सोडलं. पट्टे उतरवले. गळपट्टा काढला आणि खुंटीला अडकवला. काकू तरीही उभीच. पाठीवर थाप पडली, तरीही उभी. आता एवढा एक शब्द उरला होता. ताईने तोंड उघडलं, तसा त्याने हाताने तिला थांबवलं. काकूच्या मानेवर त्याने कपाळ टेकवलं. तिच्या घामाला तोच जुना वास होता.

“झालं, काकू,” तो म्हणाला. “झालं गं बाई सगळं.”

काकूने मोठा श्वास सोडला. पुढचे गुडघे वाकवले, मग मागचे, आणि गवतावर अंग टाकलं. पाववाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. डॉक्टरने खुणेने विचारलं, त्याने होकाराची मान हलवली.

सुई गेली तेव्हा तो तिच्याशीच बोलत होता, कोणाच्या दारात आज काय काय दिसलं ते. डॉक्टर छातीला नळी लावून बसून राहिला. मग उठला. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, एकदा ताईकडे पाहिलं.

“आटोपलं,” तो हळूच म्हणाला.

पाववाल्याने काकूच्या कानावरून हात फिरवला.

“आता म्हणा तो शब्द, डॉक्टर,” तो म्हणाला. “आता चालेल.”