सात दिवस मी दगड होतो

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. माळ्यावर, प्रवासाच्या बॅगांच्या मागे, चार घड्या होऊन पडलो आहे. पण एके काळी सात दिवस मी दगड होतो. त्या सात दिवसांत मला घरातली एक गोष्ट कळली होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं.

जुन्या वह्या आणि कागदी पिशव्या भिजवून, त्यांचा लगदा करून मला बनवलं. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद, अशी माझी रचना आहे. त्या नागमोडीत हवा असते. म्हणून मी हलका असूनही ताठ उभा राहतो, आणि धक्का बसला की फुटत नाही, दबतो. हे लक्षात ठेवा.

फ्रिजचं खोकं म्हणून मी या घरात आलो. फ्रिज बाहेर निघाल्यावर मी रद्दीत जाणार होतो, पण तेव्हाच स्वयंपाकघराचं काम निघालं. घरात तीन माणसं होती. सून शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगा कारखान्यांत यंत्रं बसवून द्यायचा आणि अर्धा महिना दौऱ्यावर असायचा. आणि मुलाचे वडील, त्यांना मी आजोबा म्हणतो. ते बावीस वर्षं एका वसतिगृहात मुख्य आचारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरची शेगडी ताब्यात घेतली, ती सोडलीच नाही.

सुनेला स्वयंपाकघराच्या मधोमध एक सुटा ओटा हवा होता. त्याचा दगड वरच्या काठावर न थांबता दोन्ही बाजूंनी सरळ जमिनीपर्यंत खाली उतरतो. त्याला वॉटरफॉल म्हणतात. चार वर्षं ती अशा ओट्यांची चित्रं जमवत होती.

"घरात धबधबा आणि नळाला पाणी नाही," मुलगा म्हणायचा.

"तू हस. ओटा झाला की भाजी चिरायला तूच बसणार आहेस."

दगडाचे मिस्त्री माप घ्यायला आले. ते म्हणाले, "ताई, दगड एकदा कापला की परत शिवता येत नाही. आधी पुठ्ठ्याचा ओटा करा, आठवडाभर त्याच्याभोवती वावरा. मग मी येतो, तुम्ही सही करा, मग करवत."

असा मी ओटा झालो. सुनेने मला मापात कापलं, आत जुन्या खुर्च्यांचा आधार दिला आणि सिंक व शेगडी यांच्या मध्ये उभं केलं. माझ्यावर दगडाचे चार नमुने मांडले. पांढऱ्या संगमरवरावर तिने अर्धं लिंबू पालथं ठेवलं. तासाभराने तिथे निस्तेज गोल उमटला, तो पुसून जाईना. कारखान्यात बनवलेल्या दगडावर तापलेला तवा ठेवला तर पिवळा डाग पडला. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटने लिंबू, तेल, तवा सगळं पचवलं. चौथा फिकट राखाडी, खरखरीत तुकडाही सगळ्यांत पास झाला होता.

"तो नको," मिस्त्री म्हणाले होते. "तो जिन्याच्या पायऱ्यांना लावतात."

म्हणून काळा ठरला. तिने दगडांची परीक्षा नीट घेतली होती. माणसांची घ्यायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा सिंककडून शेगडीकडे निघाले आणि त्यांची मांडी माझ्या डाव्या कोपऱ्यावर आदळली. मी दबलो. त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग आतून हात घालून त्यांनी माझा खळगा अंगठ्याने सरळ केला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि रीळ खणात ठेवून दिलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. चौथ्या दिवशीही. तोच कोपरा, तीच बाजू. समोरचं सगळं ते अचूक करत. सुरी सरसर चालायची, मीठ चिमटीतून नेमकं पडायचं. पण डावीकडून मी येतो आहे हे त्यांना मी लागल्यावरच कळायचं. माझ्या अंगावर एकावर एक पट्ट्या चढत होत्या, आणि माझ्या जागी काळा, धारदार काठाचा दगड यायचा दिवस जवळ येत होता.

पट्ट्या सुनेच्या नजरेस पडल्या, पण संशय भलत्यावर गेला.

"कोपरा कुणी ठोकला? तुझं पोट असणार."

"माझं पोट बिचारं कुणाच्या अध्यात नाही," मुलगा म्हणाला आणि त्याच संध्याकाळी दौऱ्यावर गेला.

पाचव्या दिवशी नवी पट्टी होती. सहाव्या दिवशी आणखी एक. सून माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पट्ट्या मोजू लागली. नवरा घरात नव्हता, ती स्वतः धडकली नव्हती. उरले आजोबा, पण तिचा विश्वास बसेना.

सातव्या दिवशी अकराला मिस्त्री येणार होते. दहाच्या सुमाराला सुनेने कशासाठी तरी खण उघडला. चिकटपट्टीचं रीळ जागेवर होतं आणि पट्टीचं टोक नीट दुमडलेलं होतं, म्हणजे पुढच्या वेळी नखाने शोधावं लागू नये. या घरात टोक दुमडून ठेवणारा माणूस एकच होता. तिने खण हळूच लोटला आणि मान वर केली.

आजोबा शेगडीवरून उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं उचलत होते. ते पाणी ओतायला सिंकपर्यंत जायचं होतं. जाताना मी उजवीकडे होतो. ते नीट गेले. अर्धं पाणी ओतलं, बटाटे कच्चे वाटले असावेत, कारण वाफाळतं पातेलं घेऊन ते तसेच परत फिरले. आता मी डावीकडे होतो. सून हाक मारणार होती, पण ते दचकले तर पातेलं सुटेल म्हणून तिचे ओठ तसेच मिटले.

तीन पावलं. दोन. मी शक्य तितका मऊ राहिलो.

मांडी आदळली, मी आत दबलो, पातेलं कलंडलं आणि कढत पाणी माझ्यावर सांडलं. थोडं त्यांच्या चपलेवर उडालं. ते पडले नाहीत. पातेलं माझ्यावर टेकवून ते क्षणभर उभे राहिले, मग सवयीने खणाकडे वळले. तिथे सून होती.

"राहू द्या बाबा, पट्टी मी लावते."

"पुठ्ठाच हलका आहे गं."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं. समोरचं सगळं दिसतं." त्यांनी ओली चप्पल फरशीवर पुसली. "डावीकडचं जरा उशिरा येतं."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आता तुम्ही बसा. चारशे पोरांना जेवू घातलंय मी. खुर्चीत बसून काय करू, चॅनेल बदलू?"

सुनेच्या तोंडावर तेच वाक्य आलं असावं. तिने ते गिळलं. कपाटातून एक काळी चादर काढून तिने ती माझ्यावर घातली.

"सिंकपासून शेगडीपर्यंत चाला. हात मोकळे. रोजच्यासारखं, जपून नको."

ते चालले आणि धडकले. मग तिने काळी काढून पांढरी चादर घातली. या वेळी ते माझ्याजवळ येताच थोडे उजवीकडे सरकले. तिने हे तीन-तीनदा करून पाहिलं. काळ्या चादरीला तीन धडका, पांढरीला एक. फरशी गडद होती. गडदावर गडद काठ त्यांच्या उरलेल्या नजरेला सापडत नव्हता.

"एक धडक उरतेच," ती स्वतःशीच म्हणाली आणि माझ्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

मिस्त्री आले तेव्हा मी ओला, पट्ट्यांनी भरलेला आणि पांढऱ्या चादरीत होतो.

"तो पायऱ्यांचा दगड लावा," सून म्हणाली. "आणि डावीकडचं टोक गोल करा."

"गोल नाही होणार ताई. वरचा आणि उभा दगड तिरके कापून जोडतो, तो काठ घासला की सांधा उघडा पडतो."

"मग त्या बाजूने दगड खाली उतरवूच नका. वरचाच जाड घ्या आणि गोल करा. धबधबा उजवीकडे एकच."

"अर्धवट दिसेल. चार वर्षं चित्रं जमवलीत तुम्ही."

"अर्धा धबधबा चालेल मला. सासरे अख्खे हवेत."

आजोबा बटाटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सुरी थांबली.

संध्याकाळी ते दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, राहिलेली थेंब घालून टिकवता येणार होती. सकाळी आणि रात्री थेंब घालायचं काम सुनेने घेतलं. शेगडी आजोबांकडेच राहिली.

खरा ओटा आला तेव्हा माझी घडी झाली. दौऱ्यावरून आलेला मुलगा मला रद्दीत देणार होता. सुनेने हातातून काढून घेतलं आणि माळ्यावर ठेवलं. इथून मला दिसत नाही, पण ऐकू येतं. शेगडीकडे जाताना आजोबा डावा हात त्या गोल टोकावर फिरवत जातात. तो आवाज मी ओळखतो, कारण आधी तो हात माझ्यावर फिरायचा, खळगे सरळ करायला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू कुणीतरी गुपचूप दुरुस्त करून ठेवत असेल. ती नीट झाली म्हणून पुढे जाऊ नका. तिला पट्टी कुणी लावली ते बघा, आणि त्या माणसाला कुठे लागलं आहे ते विचारा. विचारून झाल्यावर लगेच त्याला खुर्ची मात्र देऊ नका.